जवान हुकुमावर जातो, करार घरीच राहतो

विद्यार्थीमित्रहो, या अंकाच्या अभ्यासपानासाठी निवडलेला विषय परीक्षेत येणारा नाही. तरीही तो आपल्या फार जवळचा आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, आणि शहरातून, खानापूर-चंदगडकडच्या गावांतून पिढ्यान् पिढ्या मुले पलटणीत जात आली आहेत. आमच्या शाळेत असा वर्ग क्वचितच सापडेल, की ज्यात एखाद्याचे बाबा, काका, मामा किंवा दादा सैन्यात नाहीत. म्हणून हे पान पालकांनीही वाचावे, अशी आमची विनंती आहे.

प्रश्न साधा आहे. दादाने मोटारसायकल हप्त्यावर घेतली. शहरात खोली भाड्याने घेतली, अकरा महिन्यांचा करार केला, अनामत रक्कम भरली. मोबाइल आणि इंटरनेटची जोडणी घेतली. आणि मग हुकूम आला, की अमुक तारखेला अमुक ठिकाणी हजर व्हा. मोटारसायकल दारात उभी, खोलीला कुलूप, फोनला तिथे रेंज नाही. करारावर सह्या दोघांच्या होत्या, पण हुकूम एकालाच आला आणि तो मोडण्याची त्याला मुभा नाही. अशा वेळी त्या कराराचे काय व्हायचे?

आपला १८७२ चा भारतीय करार कायदा याचे उत्तर रोखठोक देतो. जे करणे अशक्य झाले तो करार सुटतो, पण पैसे देणे हे अशक्य नव्हे, केवळ अवघड आहे. बदली झाली, घर लांब पडले, वापरच होत नाही, या कारणांनी हप्ता किंवा भाडे माफ होत नाही. व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्यात चूक काही नाही. गाडी त्याने दिली, पैसे त्याला हवेत. पण सैनिकाच्या बाजूने पाहिले तर तो स्वतःच्या सोयीसाठी गेलेला नाही, ज्यांनी करार केला त्यांच्यासकट सगळ्यांच्या कामासाठी गेला आहे.

या पेचाचा फार तपशीलवार विचार अमेरिकेच्या कायद्यात केलेला आढळतो, म्हणून आधी तिकडे पाहू.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने लाखो तरुण सैन्यात घेतले. ते शेतकरी होते, दुकानदार होते, कारखान्यांत काम करणारे होते. त्यांच्यामागे घरांची गहाणखते होती, विम्याचे हप्ते होते, कोर्टाचे दावे होते. मार्च १९१८ मध्ये तिथल्या काँग्रेसने 'सोल्जर्स अँड सेलर्स सिव्हिल रिलीफ अ‍ॅक्ट' मंजूर केला. त्याचा मसुदा करण्यात जॉन हेन्री विगमोर या कायद्याच्या प्राध्यापकांचा मोठा वाटा होता. युद्ध संपल्यावर तो कायदा संपला, १९४० मध्ये पुन्हा आला, आणि १९ डिसेंबर २००३ रोजी त्याची नव्याने मांडणी होऊन 'सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ अ‍ॅक्ट' झाला. आज तिथे हाच कायदा चालू आहे.

त्यातील सर्वांत प्रसिद्ध तरतूद व्याजाची. ती १९४२ च्या दुरुस्तीने आली. सेवेत रुजू होण्यापूर्वी काढलेल्या कर्जावर सेवेच्या काळात सहा टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. गणित करून पाहा. एखाद्याने १०,००० डॉलर १८ टक्क्यांनी घेतले असतील तर वर्षाचे व्याज १,८०० डॉलर. सेवेत गेल्यावर ते ६०० डॉलर. मधले १,२०० डॉलर नंतर द्यायचे म्हणून बाजूला ठेवले जात नाहीत, ते कायमचे माफ होतात, आणि मासिक हप्ताही त्या प्रमाणात कमी करावा लागतो. पगार तर चालू असतो, मग ही सवलत कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडेल. तिथे राखीव दलातील आणि नॅशनल गार्डमधील पुष्कळ लोक एरवी नागरी नोकरी किंवा स्वतःचा धंदा करतात. बोलावणे आले की धंदा बंद पडतो आणि लष्करी पगारावर घर चालवावे लागते. कर्ज मात्र जुन्या मिळकतीच्या हिशेबाने काढलेले असते.

ही सवलत आपोआप मिळत नाही. सैनिकाने कर्ज देणाऱ्याला लेखी कळवावे लागते आणि सोबत हुकुमाची प्रत द्यावी लागते. सेवा संपल्यानंतर १८० दिवसांपर्यंत हे कळवता येते. कर्ज देणाऱ्यालाही एक वाट ठेवली आहे. सेवेमुळे या माणसाच्या ऐपतीवर काही परिणाम झालेला नाही, असे त्याने न्यायालयाला पटवून दिले तर व्याज पूर्वीसारखे राहते. दोन्ही पक्षांचा असा विचार केलेला असला, की कायदा टिकतो असे आम्हांला वाटते.

भाड्याच्या घराचा करार सैनिकाला मध्येच संपवता येतो. त्यासाठी बदलीचा हुकूम हवा, किंवा ९० दिवस वा त्याहून अधिक काळाच्या मोहिमेचा हुकूम हवा. लेखी सूचना दिल्यानंतर भाड्याची जी पुढची तारीख येते तिच्यानंतर तीस दिवसांनी करार संपतो, आणि मुदतीपूर्वी सोडल्याबद्दल दंड लावता येत नाही. करारावर पत्नीचीही सही असेल तर तिचीही त्यातून सुटका होते. ही बारीक गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण नाहीतर नवरा सुटायचा आणि मालक बायकोच्या मागे लागायचा. भाडेकराराने घेतलेल्या मोटारीलाही अशीच सूट आहे, पण तिथे मोहीम १८० दिवसांची असावी लागते.

मोबाइलची तरतूद अगदी अलीकडची, २००८ मधली, आणि २०१० मध्ये ती आणखी नीट करण्यात आली. जिथे त्या कंपनीची सेवा पोहोचत नाही अशा ठिकाणी ९० दिवस वा अधिक काळ जायचे असेल तर करार दंडाविना तोडता येतो. शिवाय तीन वर्षांच्या आत परतला तर सैनिकाला आपला जुनाच नंबर परत मिळू शकतो. ज्याने घरच्यांचे, मित्रांचे, बँकेचे सगळे व्यवहार एका नंबरावर बांधलेले आहेत त्याला या कलमाची किंमत सांगायला नको. पुढच्या दुरुस्त्यांनी इंटरनेट, केबल टीव्ही आणि व्यायामशाळेची वर्गणीसुद्धा यात आणली. व्यायामशाळेचे नाव वाचून हसू येईल, पण ज्या करारात दरमहा पैसे आपोआप कापले जातात तो कितीही लहान असला तरी वर्षभरात बोचतोच.

आता या कायद्याच्या गाभ्याकडे येऊ. सेवेत जाण्यापूर्वी सैनिकाने एखादी वस्तू हप्त्यावर घेतली असेल, आणि त्याने सुरुवातीची रक्कम किंवा निदान एक हप्ता भरला असेल, तर हप्ते थकले तरी न्यायालयाच्या आदेशाविना ती वस्तू उचलून नेता येत नाही. गाडी कधीच नेता येणार नाही असे हा कायदा म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो, की आधी न्यायाधीशापुढे चला. आणि न्यायालयात गेल्यावर दुसरा नियम लागू होतो. प्रतिवादी हजर नसेल तर एकतर्फी निकाल मागणाऱ्याला प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, की हा माणूस सैन्यात आहे की नाही. सैन्यात असेल तर त्याच्यासाठी वकील नेमल्याशिवाय निकाल देता येत नाही. सेवेमुळे हजर राहता येत नसल्याचे सैनिकाने आणि त्याच्या वरिष्ठाने लेखी कळवले तर खटला निदान ९० दिवस थांबवावा लागतो. कर्जाला जो जामीन राहिला असेल त्याच्याविरुद्धची कारवाईही न्यायालय थांबवू शकते.

हे हक्क सोडून देता येतात का? येतात, पण कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक ओळ घुसवून नव्हे. हक्कत्यागाचा कागद वेगळा हवा आणि त्यातील अक्षरे निदान १२ पॉइंटची हवीत. कायद्याने अक्षराचा आकारही ठरवून द्यावा ही गोष्ट आम्हांला फार आवडली. आपल्याकडच्या हप्त्याच्या छापील करारातील अक्षरे ज्यांनी भिंगातून वाचली आहेत त्यांना ती का आवडली ते कळेल.

अर्थात कायदा असला म्हणजे तो पाळला जातोच असे नाही. २०११ मध्ये जेपी मॉर्गन चेस या मोठ्या बँकेने मान्य केले, की सुमारे ४,००० सैनिकांकडून तिने गृहकर्जावर जास्त पैसे घेतले होते आणि काहींची घरेही चुकीने जप्तीत नेली होती. २०१५ मध्ये सँटँडर कन्झ्युमर यूएसए या वाहनकर्ज देणाऱ्या कंपनीला तिथल्या न्याय खात्याशी तडजोड करावी लागली. न्यायालयाच्या आदेशाविना सैनिकांच्या १,११२ गाड्या ओढून नेल्याचे ते प्रकरण होते, आणि किमान ९३.५ लाख डॉलर द्यायचे ठरले. दूर असलेला माणूस तक्रार करायला उशिरा येतो, कधी येतच नाही. त्यामुळे सरकारने स्वतः फिर्याद करण्याची सोय नसती तर यातले बरेचसे बाहेर आलेही नसते.

उलट बाजूही सांगायला हवी. १९४३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका कॅप्टनचा खटला आला. तो वॉशिंग्टनमध्येच कार्यालयीन कामावर होता आणि गणवेश पुढे करून खटला लांबवू पाहत होता. न्यायालयाने तत्त्व असे मांडले, की हा कायदा सैनिकाच्या बाजूने उदारपणे वाचावा, पण या कॅप्टनला मुदत नाकारणे योग्यच होते. संरक्षण गणवेशाला नाही, त्या गणवेशामुळे आलेल्या अडचणीला आहे.

हे सगळे सेवेपूर्वीच्या करारांचे झाले. सेवेत असताना जो नवे कर्ज काढतो त्याच्यासाठी तिथे २००६ मध्ये निराळा कायदा झाला. छावण्यांच्या आजूबाजूला पगारापर्यंतची उसनवारी देणाऱ्यांची दुकाने उगवली होती आणि त्यांचे व्याज वर्षाच्या हिशेबाने शेकड्याला काहीशे भरत होते. नव्या कायद्याने सर्व आकार धरून ३६ टक्क्यांची मर्यादा घातली. घराचे कर्ज आणि गाडी खरेदीसाठी त्याच गाडीवर काढलेले कर्ज त्यातून वगळले आहे. ३६ टक्के ही आम्हांला तरी सवलत वाटत नाही, पण आधी काय चालत असेल याचा त्यावरून अंदाज येतो.

आता आपल्या घरी येऊ. आश्चर्य वाटेल, पण ज्या १९१८ साली अमेरिकेत पहिला कायदा झाला त्याच साली ब्रिटिश सरकारने इथेही 'इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट' केला होता. महायुद्धासाठी आपल्या भागातील मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढत होत्या, आणि इकडे गावात त्यांच्या जमिनींवर दावे पडत होते. १९२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्याचा आशय असा. युद्धाच्या परिस्थितीत, परदेशात किंवा सरकारने जाहीर केलेल्या ठिकाणी सेवा करणाऱ्या सैनिकाविरुद्ध दिवाणी किंवा महसुली दावा असेल आणि त्याच्यासाठी कोणी उभे नसेल, तर न्यायालयाने लष्करी अधिकाऱ्याला कळवायचे. दावा थांबवणे न्यायाच्या दृष्टीने आवश्यक आहे असा दाखला आला, की दावा थांबतो. त्याच्या माघारी झालेला हुकूमनामा रद्द करून घेता येतो. स्वतः दावा लावायची मुदत मोजताना हा सेवेचा काळ वगळला जातो.

याच्या जोडीला १९५० चा लष्कर कायदा आहे. कर्जासाठी दिवाणी न्यायालयाच्या हुकुमावरून सैनिकाला अटक होत नाही आणि त्याच्या पगार-भत्त्यावर जप्ती येत नाही. बायकामुलांच्या पोटगीसाठी मात्र लष्कर स्वतः पगारातून कपात करू शकते, आणि ते योग्यच आहे. शिवाय रजा मिळत नसेल तर सैनिक आपल्या वतीने दावा चालवायला घरच्या कोणालाही मुखत्यारपत्र देऊ शकतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत त्यासाठी वेगळे प्रकरणच आहे, आणि ते मुखत्यारपत्र वरिष्ठ अधिकाऱ्यासमोर सही करून द्यायचे असते.

म्हणजे न्यायालयाच्या दाराच्या आत आपला सैनिक बऱ्यापैकी सुरक्षित आहे. अडचण दाराबाहेर आहे. आपल्याकडे सैनिकासाठी सहा टक्क्यांची मर्यादा नाही, मोहिमेच्या हुकुमावर घरभाड्याचा किंवा फोनचा करार तोडण्याचा कायदेशीर हक्क नाही, आणि हप्त्याची गाडी न्यायालयात न जाता उचलायची नाही असा सैनिकासाठी खास नियम नाही. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने बँकांना बजावले, की गुंड पाठवून गाड्या ओढू नका, कायद्याच्या मार्गाने जा. पण २०२० मध्ये त्याच न्यायालयाने एका हायर पर्चेस प्रकरणात सांगितले, की सर्व हप्ते फिटेपर्यंत मालक पैसे पुरवणारी कंपनीच असते, आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी नोटीस लागते की नाही हे करारातील शब्दांवर अवलंबून आहे. घरावरच्या कर्जाला २००२ चा सरफेसी कायदा लागतो. त्यात बँकेला दिवाणी दावा न लावता ताबा घेण्याचा अधिकार आहे. ज्या न्यायालयात १९२५ चा कायदा सैनिकाची बाजू सांभाळतो, तिथे धनकोला मुळात पायच ठेवावा लागत नाही!

आणि मग भार पडतो तो जामिनावर. करार कायद्यानुसार मूळ कर्जदाराइतकीच जामीनदाराची जबाबदारी असते. सैनिकाला अटक नाही, त्याच्या पगाराला जप्ती नाही. साहजिकच नोटीस गावाकडच्या घरी येते, म्हाताऱ्या वडिलांच्या किंवा शाळामास्तर काकांच्या नावाने. लष्कर कायद्याचे कवच त्यांना नाही. मुलगा सैन्यात आहे म्हणून बिनघोर सही करणाऱ्या पालकांनी एवढी गोष्ट नीट समजून घ्यावी.

२०२२ पासून अग्निपथ योजना आल्याने यात आणखी एक भर पडली आहे. अग्निवीर साडेसतराव्या वर्षापासून भरती होऊ शकतो, पण अठरा पूर्ण होण्यापूर्वी त्याने केलेला करार कायद्याने करारच ठरत नाही. त्यामुळे सुरुवातीची सही बहुधा वडिलांची असते. पहिल्या वर्षी त्याला महिना ३०,००० रुपये मिळतात, त्यातील तीस टक्के सेवानिधीत जातात आणि हातात २१,००० राहतात. सेवा चार वर्षांची, आणि त्यानंतर जास्तीत जास्त चौथ्या हिश्शाला पुढे कायम करतात. दुकानदार मात्र पाच वर्षांचा हप्ता आनंदाने बांधून देतो, कारण हप्ता लहान दिसतो. पाचव्या वर्षी पगार नसला तरी हप्ता असतो. कर्जाची मुदत सेवेच्या मुदतीपेक्षा लांब नसावी, हे सांगायला कायद्याची गरज नाही.

मग हाती काय आहे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बरेच दिले आहे, फक्त ते सैनिकासाठी वेगळे नाही, सर्वांसाठी आहे. ग्राहकाला फार मोठे नुकसान करणाऱ्या एकतर्फी अटींना त्यात 'अनुचित करार' म्हटले आहे. हप्ता चुकल्यावर प्रमाणाबाहेर दंड लावणे हे त्याचे एक उदाहरण, आणि ठरलेला आकार देऊनही कर्ज लवकर फेडू न देणे हे दुसरे. अशा कराराची तक्रार राज्य आयोगापुढे न्यावी लागते. सेवेतील त्रुटीची तक्रार मात्र जिल्हा आयोगापुढे चालते, आणि मुख्य म्हणजे ती दुकान किंवा कंपनी जिथे आहे तिथेच करायला हवी असे राहिलेले नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही ती करता येते. तक्रार ऑनलाइन दाखल होते, सुनावणी व्हिडिओवरून होऊ शकते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. आधी विचारपूस करायची असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. सैनिकांच्या कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत देण्यासाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी 'वीर परिवार सहायता योजना' सुरू केली असून, जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात तिची चौकशी करता येते.

घरमालकाशी किंवा दुकानदाराशी करार करताना एक अट स्वतः घालून घेता येते, आणि आमच्या मते हा सर्वांत उपयोगी मार्ग आहे. 'भाडेकरूस लष्करी सेवेमुळे अन्यत्र जाण्याचा हुकूम झाल्यास हुकुमाची प्रत व एक महिन्याची लेखी सूचना देऊन त्यास करार संपवता येईल व अनामत रक्कम परत मिळेल.' एवढे एक वाक्य स्टॅम्पपेपरवर टाईप करून घ्यायला कोणाची हरकत नसते, निदान छावणीच्या गावात तरी नसावी. छापील बँक करारात असे वाक्य घालता येत नाही, हे खरे. तिथे निघण्यापूर्वी शाखेला लेखी कळवणे, हप्ता पगाराच्या खात्यातून परस्पर जाईल अशी व्यवस्था करणे, मुखत्यारपत्र घरी ठेवणे आणि कराराची पूर्ण प्रत मागून घेणे, एवढे तरी करावे. प्रत मागितली की काही ठिकाणी 'नंतर पाठवतो' असे उत्तर मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नये.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी काम: घरात हप्त्यावर घेतलेली कोणतीही वस्तू असेल तर वडीलमंडळींच्या परवानगीने तिचा करार वाचा. हप्ता थकल्यास वस्तू ताब्यात घेण्यापूर्वी नोटीस देण्याची अट त्यात आहे का, मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास किती आकार लावला आहे, आणि जामीनदार म्हणून कोणाची सही आहे, या तीन गोष्टी शोधून वहीत लिहा. रकमा आणि खाते क्रमांक लिहू नका. वह्या नागरिकशास्त्राच्या तासाला आणाव्यात.